उजव्या हाताचा दगड

दसरा उलटला की मला ऑइलपेंटचा वास यायला लागतो. घरात कोणी रंग काढलेला नसतो, शेजारीपाजारीही काही चाललेलं नसतं. मी आपली सहामाहीचे पेपर तपासत बसलेली असते, खिडकीतून बुलढाण्याचं ते कोरडं, स्वच्छ ऊन आत आलेलं असतं, आणि एकदम नाकात तो वास भरतो. टर्पेंटाइन, थोडं रॉकेल आणि उन्हानं तापलेला दगड. नवरा म्हणतो, "तुझं नाक एकदा डॉक्टरला दाखवू." त्याचं बरोबर आहे. पण त्याचे वडील तलाठी होते, त्याला काय कळणार!

माझे वडील मैलकुली होते. हा शब्द आताच्या मुलांना सांगावा लागतो. सरकारी सडकेचा सातआठ किलोमीटरचा एक तुकडा एका टोळीच्या हवाली असायचा. त्या तुकड्यावरचे खड्डे भरायचे, सडकेखालच्या मोऱ्यांतला गाळ काढायचा, साइडपट्टीवर मुरूम टाकायचा, पडलेलं झाड ओढून बाजूला करायचं. टोळीचा प्रमुख तो मुकादम, आणि हातात फावडं-घमेलं घेऊन राबणारे ते मैलकुली. आमच्या टोळीचा तुकडा मोताळ्याच्या पुढून सुरू व्हायचा आणि राजूर घाटाच्या पायथ्याच्या अलीकडं संपायचा. बाबा त्याला 'आपली हद्द' म्हणायचे. शेत नव्हतं आम्हाला. हद्द होती.

गावातल्या बाकी घरांत वर्षाचे हंगाम पेरणी, निंदण, सोंगणी, वेचणी असे मोजले जायचे. आमच्या घरात एक जास्तीचा होता. पाऊस सरला, तरोटा वाळून रस्त्याच्या कडेला खुळखुळायला लागला, कपाशीची पहिली बोंडं उमलली की दगड रंगवायचा हंगाम यायचा. चार महिने एस.ट्या आणि ट्रक चिखल उडवत गेलेले. मैलाचे दगड पार कमरेपर्यंत मातकट झालेले. मैल जाऊन किलोमीटर आले त्याला जमाना झाला, पण दगड अजून मैलाचाच. आधी तारेच्या ब्रशनं तो खरवडायचा, धुवायचा, मग पांढरा हात द्यायचा, डोक्याला हिरवा. तो वाळला की काळ्या रंगानं अक्षरं. सोबत रस्त्याच्या कडेच्या लिंबांना आणि बाभळींना कमरेला गेरू-चुन्याचे पट्टे. आठ दिवसांत सगळी हद्द नटून उभी राहायची. मला तर दिवाळी आमच्याकडं सडकेवरून आली असंच वाटायचं.

ही सडक मलकापुराहून निघते, मोताळ्यावरून येते, राजूरचा घाट चढून बुलढाण्याला पोचते आणि तशीच पुढं चिखली, देऊळगाव राजा करत जालन्याकडं जाते. वऱ्हाडाचे जुने दोन भाग, खालचा पायनघाट आणि वरचा बालाघाट. आमची सडक म्हणजे त्या दोन मजल्यांमधला जिना. इंग्रज साहेबांनी थंड हवा पाहून जिल्ह्याचं ठाणं वर बुलढाण्याला मांडलं, आणि आगगाडी नेली खालून, मलकापुरावरून. साहेब वर, गाडी खाली! मग या दोघांची गाठ घालायला सडक पाहिजेच. वरून कापसाच्या बैलगाड्या उतरायच्या, खालून टपाल, घासलेट, कागद आणि बदल्या झालेले कारकून चढायचे. बुलढाण्याला अजूनही रेल्वे नाही. आजही कोणाला मुंबईला जायचं तर आधी मलकापूर गाठावं लागतं.

हा इतिहास मला पुस्तकात नंतर मिळाला. आधी तो रहीमचाचांकडून ऐकला. रहीमचाचा म्हणजे बाबांच्या टोळीचे मुकादम. राहणार रोहिणखेडचे, आणि त्या गावाचा त्यांना भारी अभिमान. सायकलला टेकून, डोक्यावरचा रुमाल झटकत ते म्हणायचे, "हमारे गाव की मस्जिद खडी हुई तब तुम्हारा बुलढाणा जंगल होता था, जंगल! बऱ्हाणपूरची फौज, काफिला, सारं आमच्याकडून जायचं. ये सडक तो कल की बच्ची है." बाबा हसून म्हणायचे, "मंग तुमच्या सडकेवर काऊन नाई राह्यले मुकादम? या बच्चीच्या मागं काऊन लागले?" दोघांची ही थट्टा मी निदान शंभरदा ऐकली असेन. दोघेही दर वेळी नव्यानं हसायचे.

या सडकेची एक गंमत आहे. बुलढाण्यात तिला मलकापूर रोड म्हणतात आणि मलकापुरात बुलढाणा रोड. जो जिथं उभा असतो, तो दुसऱ्या टोकाचं नाव तिला देतो. आम्ही मध्ये राहणारे, त्यामुळं आम्ही तिला नुसती सडक म्हणायचो. सरकारनं तिला आधी राज्य महामार्ग म्हटलं, आता राष्ट्रीय म्हटलंय, लांबलचक आकडा दिलाय आणि आकड्याच्या शेपटीला एक अक्षरही लावलंय. तो आकडा मी कोणाच्याच तोंडून ऐकलेला नाही.

पाट्या मात्र तोंडपाठ होत्या. 'वाहने सावकाश हाका.' 'पुढे शाळा आहे.' 'घाट सुरू.' 'भोंगा वाजवा.' मला वाचायला शिकवलं कोणी, असं कोणी विचारलं तर मी पहिलीच्या गुरुजींचं नाव घेते, पण खरं म्हणजे मला या पाट्यांनी शिकवलं. बाबांसोबत हद्दीवर जायचे तेव्हा पाटी आली की मी मोठ्यानं वाचायचे आणि बाबा मान हलवायचे. "हाव. बरोबर." मला वाटायचं ते तपासून सांगतायत. बाबांना वाचता येत नव्हतं हे मला कळलं तेव्हा मी चौथीत होते, आणि मला त्यांचा रागच आला. म्हणजे इतकी वर्षं माझं काहीच तपासलं जात नव्हतं! मी घाटाच्या पाटीवर भलतंच वाचलं असतं तरी हे "बरोबर"च म्हणाले असते. माझा स्वभाव तेव्हापासूनच तिखट. आई म्हणायची, "हिले मिरचीच्या वावरातून आणली का काय."

मी नववीत होते त्या वर्षीची गोष्ट. दरवर्षी अक्षरं काढायला मोताळ्याचा एक पेंटर यायचा. त्या साली तो मुलाकडं सुरतेला निघून गेला. रहीमचाचा उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि आपल्या जागी बाबांना मुकादम करायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मुकादमाला बुलढाण्यात सरकारी चाळीत खोली मिळायची. मला दहावीनंतर बुलढाण्यातच कॉलेजला जायचं होतं, त्यामुळं ती खोली मी मनानं कधीच झाडून-पुसून घेतली होती. खिडकी कुठल्या बाजूला असेल, माझी पुस्तकं कुठं राहतील, सगळं ठरलेलं. अडचण एकच. मुकादमाला हजेरी लिहावी लागते, वरून आलेला कागद वाचावा लागतो. आणि बाबा हजेरीपटावर अंगठा उठवायचे.

"अरे, लिखना-पढना ये सुमन करेगी रोज संध्याकाळी," रहीमचाचा म्हणाले. "सडक तू पाह्य. सडक तुझ्यासारखी कोणाले कळते? इंजिनिअर साहेबाले मी सांगितलंय, सखाराम को लिखना आता है."

"खोटं काऊन सांगितलं मुकादम?" बाबांचा चेहरा उतरला.

"झूट कैसे? इस साल पत्थर तूच लिहिणार. साहेब आपल्या आँखों से देखेगा."

आणि तसं ठरलं. मी सुताराच्या जाड शिसपेन्सिलीनं पांढऱ्या दगडावर अक्षरं आखायची आणि बाबांनी त्यात काळा रंग भरायचा. बाबांचा हात असा होता की काय सांगू! आयुष्यभर फावडं धरलेला हात, तळव्याला घट्टे, पण ब्रश धरला की एक केस इकडचा तिकडं होत नसे. माझी आखणी वाकडी असली तरी ते भरताना ती सरळ करायचे. 'ल'चा गोल, 'ढ'ची गाठ, 'पू'चा खालचा उकार, सगळं रेखीव. रंग भरताना जीभ किंचित बाहेर यायची त्यांची. मी हसले की आत घ्यायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा बाहेर.

दगडाला दोन बाजू असतात. मलकापुराहून येणाऱ्याला जी बाजू समोर दिसते तिच्यावर बुलढाणा किती राहिलं ते लिहायचं, आणि बुलढाण्याहून येणाऱ्याला दिसते तिच्यावर मलकापूर. मी एक सोपी युक्ती केली होती. सडकेवर बसून दगडाकडं तोंड केलं की डाव्या हाताच्या बाजूवर बुलढाणा लिहायचं, उजव्या हाताच्या बाजूवर मलकापूर. एकदा पाठ केलं की डोकं चालवायला नको. सगळे दगड सडकेच्या एकाच, मलकापुराहून येताना डाव्या अंगाला होते, म्हणून युक्ती सगळीकडं लागू पडायची. फक्त एक सोडून. एका मोरीजवळ त्या अंगाला कठडा होता आणि खाली नाला, त्यामुळं तिथला दगड सडकेच्या पलीकडं, उजव्या अंगाला बसवला होता. तिथं बसलं की डावं-उजवं उलटं होतं.

तो शनिवार होता. सकाळची शाळा करून मी दप्तरासकट मोरीवर गेले. सोमवारी भूमितीचा पेपर. ऊन डोक्यावर. ज्वारीची कणसं भरलेली, दोन्ही बाजूंनी पाखरं हाकलायच्या आरोळ्या येत होत्या. मी दगडासमोर उकिडवी बसले, आणि तेवढ्यात मोताळ्याहून एस.टी. आली. खिडकीत माझ्या वर्गातली एक मुलगी होती. तिनं मला पाहिलं. रस्त्याच्या कडेला, धुळीत, हातात पेन्सिल, शेजारी रंगाचे डबे. ती हसली नाही, काही नाही, नुसतं पाहिलं. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी झरझर लिहून टाकलं. डाव्या हाताला बुलढाणा वीस. उजव्या हाताला मलकापूर सव्वीस. आणि बाजूला जाऊन भूमितीचं पुस्तक उघडून बसले.

बाबांनी ब्रश बुडवला. मग तो तसाच हवेत थांबला. त्यांनी खाली मलकापूरकडं पाहिलं, वर घाटाकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई."

"मंग भरा ना लवकर! मले पेपर हाये सोमवारी."

"हाव माय," ते म्हणाले आणि बसून रंग भरायला लागले. जीभ बाहेर आली. मी प्रमेय पाठ करत राहिले.

साहेब पुढच्या आठवड्यात आले. तेही शनिवारीच, त्यामुळं मी होते. बुलढाण्याहून जीप खाली उतरली आणि नेमकी मोरीजवळ थांबली. मी पाण्याची कळशी घेऊन बाभळीखाली उभी होते. साहेब तरुण होते, चष्मा, पायात धुळीनं भरलेले बूट. रहीमचाचा पुढं झाले, सलाम केला. "देखिए साहब, ये सखारामचं अक्षर. पूरी हद्द एकट्यानं लिहिली."

साहेबांनी दगडाकडं बघितलं. पुन्हा बघितलं. मग बाबांना म्हणाले, "सखाराम, मी आता बुलढाण्याहून आलो. माझ्यासमोर या बाजूला काय लिहिलंय? वाचा बरं."

बाबांनी दगडाकडं पाहिलंच नाही. त्यांनी सडकेकडं पाहिलं आणि खाली हात केला. "इकून येणाऱ्याले मलकापूर, साहेब. सव्वीस."

"दगडावर बुलढाणा लिहिलंय."

मला त्या क्षणी सगळं दिसलं, डावं, उजवं, मोरीचा कठडा, एस.टी.ची खिडकी. रहीमचाचा घाईनं म्हणाले, "धूप है साहब, आँखों में येऊन राह्यली..." साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं. आवाज चढवला नाही त्यांनी. "अक्षर फार सुंदर आहे," ते म्हणाले. "कोणाचं आहे?"

"माहं," बाबा म्हणाले.

"मग पुसून दोन्ही बाजू बरोबर लिहा. मी थांबतो."

बाबांनी ब्रश उचलला. मी बाभळीखाली कळशी धरून उभी. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. साहेबांच्या ध्यानात येऊ नये इतकंच. मग ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात धोतराला पुसले आणि सरळ उभे राहिले.

"लिव्हता येत नाई साहेब. भरता येते."

बस, एवढंच झालं. कोणी कोणाला रागावलं नाही. साहेबांनी चष्मा पुसला, बाबांना म्हणाले, "सडक फार चांगली ठेवली आहे तुम्ही," आणि जीप खाली निघून गेली. उन्हाळ्यात रहीमचाचा निवृत्त झाले आणि चिखलीकडचा एक जण मुकादम होऊन आला. भला माणूस होता तोही. बाबा शेवटपर्यंत मैलकुलीच राहिले.

त्या दिवशी घरी जाताना मी सडकेभर रडले. मला वाटत होतं बाबांनी मला मारावं. निदान एक शब्द तरी टाकावा. ते सायकल हातात धरून चालत होते, डबे हँडलला खुळखुळत होते. मग म्हणाले, "सायेबानं अक्षराले चांगलं म्हटलं. आयकलं ना तू?" मी आणखी मोठ्यानं रडायला लागले. "आता काऊन रडून राह्यली वं?" ते म्हणाले. "सोमवारी पेपर हाये ना तुहा?" पेपर होऊन गेला होता. आठवडा उलटला होता.

बुलढाण्याची खोली मिळाली नाही. मी कॉलेजला रोज एस.टी.नं गेले. सकाळची गाडी, खिडकीची जागा, घाटात गार वारं, वर पोचलं की धुकं. तसं म्हटलं तर काही बिघडलं नाही. शिकले, डी.एड. केलं, शिक्षिका झाले. पण पाच वर्षं रोज जाता-येता तो दगड लागायचा. दुसऱ्याच दिवशी पांढरा हात मारून कोणीतरी वर नीट लिहिलं होतं. पण बाबांनी रंग असा दाट भरला होता की खालची अक्षरं उठून राहिली होती. संध्याकाळच्या परतीच्या गाडीतून, तिरकं ऊन पडलं की 'मलकापूर'च्या पोटातून 'बुलढाणा' उमटायचं. बाकी कोणाला दिसत नसेल. मला दिसायचं, आणि त्या वळणावर मी दर वेळी पदराशी चाळा करत दुसरीकडं बघायचे. वर्गात मी मुलांना उत्तर दुसऱ्यांदा तपासायला लावते, त्यांना माझा कंटाळा येतो, पण मी ऐकत नाही.

गेल्या चाळीस-एक वर्षांत ही गोष्ट आम्ही दोघांनी कधी काढली नाही. आई गेली, रहीमचाचा गेले, हद्दीचं काम ठेकेदाराकडं गेलं. मी बाबांना बुलढाण्याला राहायला या म्हटलं, ते दर वेळी चार दिवस येतात आणि पाचव्या दिवशी पिशवी भरतात. "वर थंडी वाजते," म्हणतात. मेमध्येसुद्धा.

यंदा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी पट्टी-चष्म्याचं सगळं आटोपलं आणि मी त्यांना गावी सोडायला निघाले. गाडी मीच चालवत होते. पन्नाशीत शिकले मी गाडी. घाट उतरताना बाबा दोन्ही हातांनी दाराला धरून बसले होते.

"वाहने सावकाश हाका," ते म्हणाले.

"बाबा, चाळीसवर आहे मी."

"म्या पाटीवरचं सांगितलं. मले कायले बोलतं?"

घाट संपला तसे ते खिडकीकडं वळले. गेल्या दोन-तीन वर्षांत सडक रुंद झाली, सिमेंटची झाली, पण बाबांना डोळ्यांनी ती दिसलीच नव्हती. आता नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होते. कडेचे लिंब नाहीत. बाभळी नाहीत. मधोमध पांढरे पट्टे, कडेला चमकणाऱ्या टिकल्या, डोक्यावर हिरव्या पाट्या. एका बाजूला सिमेंटवरच कोणी सोयाबीन वाळत घातलेलं, त्यावर ट्रकवाले हॉर्न देऊन वळसा घेत होते. बाबा खिडकीतून बघत होते आणि एकेक बोट दुमडत होते, कदाचित झाडं मोजत होते, जिथं जिथं होती ती.

"मधातलं वळण कुठी गेलं?" मध्येच विचारलं.

"सरळ केलं बाबा. अंतर कमी झालं म्हणे एक किलोमीटरनं."

"बाप्पा! म्हंजे माह्या हद्दीतलं एक किलोमीटर चोरीले गेलं!" आणि स्वतःच हसले.

मोरी आली. मोरी म्हणजे आता रुंद पूल, लोखंडी कठडा. मी तशीच पुढं चालले होते. बाबा म्हणाले, "थांबव."

मी गाडी कडेला घेतली. ते उतरले, काठी टेकत कडेला बघितलं. जुन्या दगडाचा मागमूस नव्हता. त्याच्या जागेपासून पाचपंचवीस पावलांवर, सडकेच्या पलीकडं नवा दगड होता, डोकं पिवळं, अक्षरं छापून काढल्यासारखी. सडक ओलांडायला आम्हाला बराच वेळ लागला. ट्रक थांबतच नाहीत. बाबांनी दगडाच्या डोक्यावर हात ठेवला. "गुळगुळीत हाये," म्हणाले.

मला काय झालं कोणास ठाऊक. इतकी वर्षं जिभेवर आलेलं गिळलं होतं, ते बाहेर पडलं. "बाबा, तुमाले तवा समजलं होतं का? मोरीच्या दगडाचं?"

"काय?"

"माही चूक."

ते दगडावरून हात फिरवत राहिले. "हाव," म्हणाले. "समजलं होतं. मलकापूर लंबं असते. बुलढाण्याच्या पोटात गाठ असते. आठ-धा दगड भरल्यावर माणसाले वळख होते ना वं. म्या ब्रश बुडवला अन् पाह्यलं, गाठवाली बाजू उलटी हाये."

"मंग सांगितलं काऊन नाई? मी बाजूलेच तं बसली होती!"

"तू लिव्हलं होतं ना," बाबा म्हणाले. जणू यात सांगण्यासारखं काही नाही अशा सुरात. "मले वाटलं, आपल्यालेच उलटं दिसून राह्यलं असन. शिकलेल्या माणसानं लिव्हलेलं हाये. आपल्या घरात पयल्यांदा कोणी लिव्हलं, अन् म्या अंगठेबहाद्दर ते पुसू? नाई झाली हिंमत." मग म्हणाले, "अन् सायेबाले तं म्या खरंच सांगितलं ना. इकून मलकापूरच हाये."

मी सडकेच्या कडेला, भर दुपारी, छप्पन्न वर्षांची बाई, हमसून रडले. नववीत रडले होते तशी. ट्रकवाले बघत गेले. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हाच तो घट्ट्यांचा हात. "चाल आता," म्हणाले. "डोये पुस. गाडी हाकाची हाये तुले."

मी डोळे पुसले. मग म्हटलं, "थांबा." दगडाच्या समोर गेले. खाली बसायला गुडघे देत नाहीत आता, म्हणून वाकले. डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, आणि मोठ्यानं वाचलं, लहानपणी वाचायचे तसं. "मलकापुराहून येणाऱ्याले बुलढाणा एकोणीस. बुलढाण्याहून येणाऱ्याले मलकापूर सव्वीस." आणि त्यांच्याकडं वळून विचारलं, "बाजू बरोबर हायेत का बाबा? पाहून सांगा."

त्यांनी लगेच "हाव" म्हटलं नाही. काठी बगलेत धरली, कपाळावर आडवा हात घेतला आणि आधी वर घाटाकडं पाहिलं. तिथं डोंगराची निळी रेघ होती. मग खाली मोताळ्याकडं वळले आणि सोयाबीनच्या पलीकडं, सिमेंटच्या शेवटापर्यंत पाहत राहिले. मग पुढं येऊन दगडाच्या एका बाजूवर बोट ठेवलं, 'ढ'च्या गाठीवर, आणि दुसऱ्या बाजूला जाऊन 'मलकापूर'वरून ते बोट सावकाश शेवटपर्यंत नेलं. दोन एस.ट्या गेल्या, एक ट्रॅक्टर गेला. मी उभी होते. मला कुठंही जायची घाई नव्हती.

"हाव," बाबा म्हणाले. "बरोबर हाये."

मग आम्ही सडक ओलांडली.